चुकीचं उत्तर की ‘कळलं नाही’? गोंगाटाच्या चॅनेलसाठी कोड निवडताना करायचा हिशेब

चॅनेल कोडिंग (संदेशाला जादा बिट जोडून गोंगाटामुळे झालेल्या चुका पकडायचं आणि दुरुस्त करायचं तंत्र) शिकवताना ‘एरर प्रोबॅबिलिटी’ हा एकच आकडा असल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात डिकोडर, म्हणजे आलेल्या बिटांतून मूळ संदेश काढणारा भाग, दोन वेगवेगळ्या प्रकारे हरतो. एक तर तो चुकीचं उत्तर बरोबर समजून पुढे पाठवतो, नाहीतर ‘हे मला कळलं नाही’ असं कबूल करून फ्रेम (एका वेळी पाठवलेला संदेश) टाकून देतो. पहिली चूक मूक असते, दुसरी उघड. मूक चूक कमी केली की उघड नकार वाढतात, आणि दोन्ही कमी करायच्या तर जास्त बिट, जास्त ऊर्जा किंवा जास्त लांब ब्लॉक (एकत्र कोड केलेला बिटांचा गट) मोजावा लागतो. म्हणून कोड निवडण्याआधी या दोन चुका वेगळ्या करून घ्या. त्यांची बेरीज करून निर्णय घेतला की दुवा प्रयोगशाळेत उत्तम चालतो आणि शेतात दगा देतो.

उदाहरण म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातला छोटा रेडिओ दुवा घेऊ. ठिबकच्या शेतातला एक नोड (सेन्सर जोडलेला छोटा रेडिओ) दर १५ मिनिटांनी २० बाइट पाठवतो: जमिनीतला ओलावा, टाकीची पातळी, व्हॉल्व्हची स्थिती. खालचे सगळे आकडे कागदावर पडताळता येतात, आणि ते स्वतः एकदा काढून पाहावेत असा आग्रह आहे.

पायरी १: दोन्ही चुकांची किंमत ठरवा

ओलाव्याचं एक रीडिंग हरवलं तर काही बिघडत नाही, १५ मिनिटांत दुसरं येतं. इथे उघड नकार स्वस्त आहे. ‘व्हॉल्व्ह उघड’ हा संदेश चुकून तयार झाला तर मात्र पंप रात्रभर चालेल. बोलण्याच्या कॉलमध्ये हे गणित उलटं असतं: एखादा बिट चुकला तर कानाला जेमतेम कळतं, पण पुन्हा मागायला वेळच नसतो.

वर्षाचा हिशेब मांडा. दिवसाला ९६ फ्रेम, म्हणजे एका नोडच्या वर्षाला ३५,०४० आणि हजार नोडच्या साधारण साडेतीन कोटी. वर्षात एकही मूक चूक नको असेल, तर एका फ्रेममागची मूक चुकीची शक्यता १० कोटींत १ पेक्षा बरीच खाली हवी. ‘कमीत कमी एरर’ अशी मोघम अट लिहून काही हाती लागत नाही. हा आकडा लिहून ठेवा.

पायरी २: चॅनेल मोजा, आणि चुका गटाने येतात का ते बघा

रेडिओ साध्या एफएसके मोडमध्ये (फ्रिक्वेन्सी बदलून बिट पाठवण्याची पद्धत) ठेवा, चिपचं सीआरसी (फ्रेमला जोडलेले, चूक ओळखणारे तपासणी बिट) बंद करा आणि दोन्ही टोकांना माहीत असलेली छद्म-यादृच्छिक बिटमालिका पाठवा. आलेला प्रत्येक बिट ताडून चुकांची संख्या आणि जागा, दोन्ही नोंदवा. निदान १०० चुका जमेपर्यंत थांबायचं नाही. १०० चुकांवर अंदाज साधारण २० टक्के इकडेतिकडे असतो, १० चुकांवर तो जवळपास निरुपयोगी असतो. बिट चुकण्याची शक्यता ०.०१ असेल तर १०,००० बिटांत एवढ्या चुका मिळतात.

आता दोन लागोपाठच्या चुकांमधलं अंतर बघा. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर ०.०१ ला हे अंतर सरासरी १०० बिट असतं, आणि एका चुकीनंतर पुढच्या ८ बिटांत दुसरी सापडण्याची शक्यता सुमारे ७.७ टक्के. तुमच्या नोंदीत ती ३० टक्के निघाली तर चुका झुंडीने येत आहेत, आणि स्वतंत्र चुका धरून काढलेलं कुठलंही कोष्टक तुम्हाला फसवेल.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. ज्या फ्रेमचा सिंक वर्डच (फ्रेमची सुरुवात ओळखायचा ठरलेला बिटनमुना) सापडला नाही, ती तुमच्या मोजणीत येत नाही. त्यामुळे मोजलेली चूक खऱ्यापेक्षा कमी दिसते. सिंक हुकण्याचं प्रमाण वेगळं मोजा, कारण ते कुठलाही कोड सुधारू शकत नाही.

पायरी ३: छोट्या कोडवर दोन्ही चुका वेगळ्या काढा

रिचर्ड हॅमिंग यांचा (७,४) कोड १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीचे ४ बिट, तपासणीचे ३. ७ बिटांतला कुठलाही एक चुकला तरी दुरुस्त होतो. हा ‘परिपूर्ण’ कोड आहे आणि मूक चुकीच्या बाबतीत नेमका तोच त्याचा दोष ठरतो: आलेला कुठलाही शब्द कुठल्यातरी कोडशब्दापासून (कोडमधल्या वैध शब्दापासून) जास्तीत जास्त एका बिटावर असतो, त्यामुळे डिकोडर कधीच ‘कळलं नाही’ म्हणत नाही.

हे जवळून पाहू. माहिती १०११. तपासणीचे बिट १, २ आणि ४ या जागांवर ठेवले की शब्द होतो ०११००११. वाटेत तिसरा आणि पाचवा बिट उलटला, आलं ०१००१११. सिंड्रोम, म्हणजे तपासणीतून निघणारा ‘चुकलेल्या बिटाचा’ क्रमांक, इथे ३ आणि ५ यांचा एक्सॉर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) येतो, म्हणजे ६. डिकोडर बिनधास्त सहावा बिट उलटतो आणि माहिती देतो ०१०१. दोन बिटांच्या चुकीची त्याने तीन केली, माहितीच्या चारपैकी तीन बिट चुकवले आणि कुठे तक्रारही केली नाही.

आता शेवटी एक समता बिट (१ ची एकूण संख्या सम करणारा) जोडा, (८,४) होतो. मूळ शब्द ०११००११०. त्याच दोन चुकांनंतर ०१००१११०: सिंड्रोम ६ आहे, पण १ ची संख्या सम आहे. एकच चूक असती तर ती विषम झाली असती. म्हणून डिकोडर थांबतो. त्याचे नियम चारच आहेत:

सिंड्रोम शून्य, समता बरोबर: स्वीकारा.
सिंड्रोम शून्य, समता चूक: आठवा बिटच बिघडलाय, माहिती स्वीकारा.
सिंड्रोम शून्य नाही, समता चूक: सिंड्रोम दाखवेल तो बिट उलटा.
सिंड्रोम शून्य नाही, समता बरोबर: नकार.

बिट चुकण्याची शक्यता ०.०१ आणि चुका स्वतंत्र धरून १० लाख ब्लॉकमागे हिशेब असा येतो:

(७,४), दुरुस्ती: मूक चुका २,०३१, नकार शून्य.
(८,४), एक दुरुस्त, दोन ओळख: मूक चुका ५३, नकार २,६३७.
(७,४), फक्त ओळख: मूक चुका ७ च्या आत, नकार ६७,९२८.
(८,४), फक्त ओळख: मूक चुका ०.१३, नकार ७७,२५५.

एका जादा बिटाने मूक चुका जवळजवळ चाळीसपट कमी केल्या, आणि त्या बदल्यात हजारात अडीच-तीन ब्लॉक नाकारले. माझ्या मते साध्या कोडमध्ये याहून फायद्याचा सौदा नाही. लोराच्या (कमी ऊर्जेत लांब पोहोचणारं रेडिओ तंत्र) ४/८ दरात प्रत्येक ४ बिटांना ८ बिट लागतात ते याच कामासाठी. ४/७ मध्ये एक चूक दुरुस्त होते, ४/६ आणि ४/५ मध्ये चूक फक्त ओळखता येते. ४/५ वरून ४/८ वर गेलात की कोड केलेल्या भागाचा एअरटाइम (प्रक्षेपणाला लागणारा वेळ) १.६ पट होतो आणि बॅटरीही त्या हिशेबाने जाते.

पायरी ४: ब्लॉकवर थांबू नका, फ्रेमचा हिशेब करा

वरच्या यादीतली शेवटची ओळ पाहून ‘फक्त ओळख’ सर्वात सुरक्षित वाटते. फ्रेमच्या लांबीला ती कोसळते. २० बाइटना ४० ब्लॉक लागतात, म्हणजे ३२० बिट, आणि ते सगळेच्या सगळे न चुकता येण्याची शक्यता ४ टक्के. काहीच कोड न लावता १६० बिट पाठवले असते तर २० टक्के फ्रेम आल्या असत्या! फक्त ओळखण्यासाठी प्रत्येक ब्लॉकमध्ये बिट ओतणं म्हणजे चुकायला जास्त जागा करून देणं.

म्हणून कामाची वाटणी करा: दुरुस्ती छोट्या ब्लॉकमध्ये, ओळख संपूर्ण फ्रेमवर. २० बाइटना आधी सीआरसी-१६ जोडा, २२ बाइट म्हणजे ४४ ब्लॉक होतील, मग (८,४) लावा. आता ८८.८ टक्के फ्रेम पहिल्याच फेरीत येतात. नकार मिळाला की पुन्हा मागवा.

मूक चूक किती उरते? सीआरसी-१६ मधून यादृच्छिक कचरा निसटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये १. पण इथे त्याहून बरी परिस्थिती आहे. एकच ब्लॉक चुकीचा दुरुस्त झाला तर माहितीत सलग ४ बिटांच्या आतलीच चूक होते, आणि चांगलं सीआरसी-१६ सलग १६ बिटांपर्यंतची झुंड हमखास पकडतं. निसटायला किमान दोन ब्लॉक मूकपणे चुकावे लागतात. एकही ब्लॉक नाकारला न जाता असं होण्याची शक्यता १० लाख फ्रेममध्ये अडीचच्या आसपास, आणि त्यातल्याही ६५,५३६ मधली एक सीआरसीला चकवेल. म्हणजे १०,००० कोटी फ्रेममध्ये ४.

(७,४) आणि तेच सीआरसी घेतलं तर ९१.४ टक्के फ्रेम येतात, शिवाय एअरटाइमही कमी, ३५२ च्या जागी ३०८ बिट. मूक चूक मात्र १० कोटींत ६ च्या जवळ जाते. हजार नोडवर याचा अर्थ वर्षाला दोन मूक चुका; (८,४) वर काही शतकांत एखादी. नुसता ‘फ्रेम एरर रेट’ बघणाऱ्याला (७,४) सरस वाटेल, कारण त्या आकड्यात मूक आणि उघड एकत्र कालवलेलं असतं.

लोरावॅनमध्ये (लोरावर चालणारा नेटवर्क प्रोटोकॉल) हीच वाटणी वेगळ्या ठिकाणी केलेली आहे. नोडकडे जाणाऱ्या संदेशात रेडिओ पातळीवर पेलोडचं (मुख्य मजकुराचं) सीआरसी नसतंच. ४ बाइटचा सत्यता कोड ते काम करतो. यादृच्छिक कचरा त्यातून निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत १.

पायरी ५: ऊर्जेचा हिशेब प्रामाणिक ठेवा

इथे फार जण फसतात. आतापर्यंत आपण बिट चुकण्याची शक्यता ०.०१ वर स्थिर धरली. पण ७ बिट पाठवायला तेवढीच एकूण ऊर्जा वापरायची असेल तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला ४/७ ऊर्जा येते, म्हणजे २.४३ डेसिबल कमी. बीपीएसकेवर (फेज उलटवून बिट पाठवण्याची पद्धत) कोडशिवाय ०.०१ चूक मिळते ती माहितीच्या बिटामागची ऊर्जा गोंगाटापेक्षा ४.३ डेसिबल वर असताना. त्याच ऊर्जेत (७,४) लावला की पाठवलेला प्रत्येक बिट ०.०३९ शक्यतेने चुकतो आणि ब्लॉक चुकण्याची शक्यता २.८ टक्के होते. कोडशिवाय चार बिटांपैकी एखादा चुकण्याची शक्यता ३.९ टक्के होती. ३.९ वरून २.८: एवढाच खरा फायदा. पायरी ३ मधले आकडे खोटे नाहीत, पण ते प्रक्षेपण शक्ती तीच ठेवून एअरटाइम वाढवल्यावरचे आहेत. कोड तोलताना माहितीच्या प्रत्येक बिटामागची ऊर्जा सारखी धरा, किंवा एअरटाइम जास्त लागतोय हे स्पष्ट लिहा.

गोंगाट वाढला की दराची भिंतही आडवी येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवलं की प्रत्येक चॅनेलला एक क्षमता असते आणि तिच्या वरच्या दराने चूक शून्याकडे नेता येत नाही. बिट चुकण्याची शक्यता ०.१ असेल तर क्षमता ०.५३१, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक बिटामागे माहितीचे जास्तीत जास्त तेवढे बिट. (७,४) चा दर (४ भागिले ७) ०.५७१, म्हणजे भिंतीपलीकडे. तिथे १५ टक्के ब्लॉक चुकतात. अशा वेळी डिकोडर सुधारण्यात वेळ घालवू नका, दर खाली आणा.

पायरी ६: डिकोडरची कळ कुठे लावायची

कोड तोच ठेवून मूक चुका आणि नकार यांच्यात देवाणघेवाण करता येते. पाच वेळा तोच बिट पाठवण्याचा कोड घ्या, चूक ०.०१ च:

बहुमत घेतलं तर १० लाखांत सुमारे १० मूक चुका, नकार शून्य. ३ विरुद्ध २ आलं की नकार द्यायचं ठरवलं तर मूक चुका १० कोटींत ५ आणि नकार १० लाखांत ९८०. पाचही सारखे असतील तरच स्वीकारायचं ठरवलं तर मूक चुका १,००० कोटींत १, नकार ४.९ टक्के.

मधली जागा बहुतेक वेळा योग्य असते: हजारात एक नकार देऊन मूक चूक जवळपास २०० पट खाली आली. मोठ्या कोडमध्ये हीच कळ सॉफ्ट डिकोडरवर (प्रत्येक बिट किती खात्रीचा हेही विचारात घेणाऱ्या) असते. सर्वात जवळचा कोडशब्द आणि दुसऱ्या क्रमांकाचा, यांच्या गुणांतलं अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर नकार. यामागचा सर्वोत्तम नियम जी. डेव्हिड फॉर्नी यांनी १९६८ मध्ये मांडला. त्यात पहिल्या शब्दाची शक्यता बाकी सगळ्यांच्या बेरजेशी ताडतात. दुसऱ्या क्रमांकावर भागवणं ही व्यवहारातली सोय आहे.

रीड-सॉलोमन (सुट्या बिटांऐवजी चिन्हं, म्हणजे बिटांचे गट, दुरुस्त करणारा कोड) वापरत असाल तर एक आकडा लक्षात असू द्या. डिकोडरच्या ताकदीबाहेर चुका गेल्या तर तो चुकीची ‘दुरुस्ती’ करण्याची शक्यता साधारण १ भागिले त्याच्या दुरुस्ती-संख्येचं फॅक्टोरियल इतकी असते. अंतराळ दुव्यांमधला (२५५,२२३) कोड १६ चिन्हं दुरुस्त करतो. १६ चं फॅक्टोरियल सुमारे २१ लाख कोटी, म्हणजे तो जवळपास नेहमी हात वर करतो. दोनच चिन्हं दुरुस्त करणाऱ्या कोडला ही हमी अर्ध्यावर येते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये असे दोन छोटे कोड एकावर एक आहेत, (३२,२८) आणि (२८,२४). पहिल्याला पूर्ण ताकदीने दुरुस्त करू न देता शंकास्पद चिन्हांवर खूण करायला लावली, की दुसरा कोड खुणेच्या ४ जागा भरून काढू शकतो. खूण नसेल तर फक्त २.

पायरी ७: झुंडीने येणाऱ्या चुका पसरवा

आपल्या फ्रेमचे ४४ ब्लॉक ४४ ओळींत लिहा, प्रत्येकी ८ स्तंभ, आणि स्तंभाप्रमाणे पाठवा. आता सलग ४४ बिट बिघडले तरी प्रत्येक ब्लॉकला एकच चूक पोहोचते आणि फ्रेम वाचते. झुंड ६० बिटांची झाली तर १६ ब्लॉकना दोन-दोन चुका बसतात आणि फ्रेम नाकारली जाते, पण मूक चूक होत नाही. झुंड याहून लांब असेल तर अनेक फ्रेम एकत्र विणाव्या लागतील. ३०० बिट प्रति सेकंदाच्या दुव्यावर ते म्हणजे काही सेकंदांचा उशीर. तेवढ्यासाठी मी पुन्हा मागवणंच पत्करेन.

पायरी ८: लांबी वाढवून किती मिळेल ते आधी काढा

०.०१ चुकीच्या चॅनेलची क्षमता ०.९१९. हजार ब्लॉकमध्ये एक चूक चालत असेल, तर १०० बिटांच्या सर्वोत्तम कोडला साधारण ०.७५ दर मिळतो, १,००० बिटांना ०.८६, १०,००० बिटांना ०.९०. हे पोल्यान्स्की, पूर आणि वेर्दू यांच्या २०१० च्या सूत्रातून येतं. चुकीची अट १० लाखांत १ इतकी कडक केली तर १,००० बिटांवर दर ०.८६ वरून ०.८२५ वर येतो. म्हणजे लांब ब्लॉकला कडक अट स्वस्तात पडते. छोट्या संदेशाला क्षमतेची स्वप्नं दाखवू नका. २० बाइटना कोणताही एलडीपीसी (लांब ब्लॉकसाठीचा आधुनिक कोड) १०,००० बिटांसारखा चालणार नाही.

परत मागवायची सोय असेल तर पहिल्या फेरीची अट सैल ठेवणंच फायद्याचं. मोबाइलच्या एलटीई आणि ५जीमध्ये पहिल्या फेरीला १० टक्के ब्लॉक चुकतील असं धरूनच दर निवडला जातो. पण फोनला नियंत्रण संदेश शोधताना अनेक जागा आंधळेपणाने तपासाव्या लागतात. एलटीईत दर मिलिसेकंदाला ४४ पर्यंत प्रयत्न आणि सीआरसी १६ बिटांचं: निव्वळ गोंगाटातून दर दीड सेकंदाला एक खोटा संदेश पास होईल. ५जीमध्ये या सीआरसीची लांबी २४ बिट आहे. तुमचा डिकोडर उमेदवारांची यादी काढून सीआरसीने निवड करत असेल तर हेच लागू होतं: ८ उमेदवार म्हणजे सीआरसीचे ३ बिट गेले.

पायरी ९: चाचणी

१० लाखांत १ अशी चूक सिम्युलेशनने मोजायची तर १०० चुकांसाठी १० कोटी ब्लॉक लागतात. एकही चूक न दिसता ३० लाख ब्लॉक गेले, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चूक १० लाखांत १ च्या खाली आहे. १०,००० कोटींत ४ हा आकडा सिम्युलेशनने कधीच सिद्ध होणार नाही. तो कोडशब्दांच्या वजनांवरून (प्रत्येक शब्दातल्या १ च्या संख्येवरून) काढावा लागतो. (८,४) मध्ये ४ वजनाचे १४ आणि ८ वजनाचा १ शब्द, एवढ्यावरच पायरी ३ च्या यादीतली शेवटची ओळ निघाली.

टर्बो (आणखी एक आधुनिक कोड) आणि एलडीपीसीमध्ये आणखी एक धोका आहे. सिग्नल सुधारेल तसा चुकीचा आलेख झपाट्याने खाली येतो आणि मग अचानक सपाट होतो. तो सपाट भाग छोट्या सिम्युलेशनमध्ये दिसतच नाही, आणि सरळ रेषा पुढे ओढून काढलेला अंदाज तिथे हजारो पटींनी चुकतो. उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एस२ मानकात एलडीपीसीच्या बाहेर बीसीएच या दुसऱ्या दुरुस्ती कोडचं आवरण आहे ते याचसाठी.

शेवटी रिसीव्हरला मुद्दाम कचरा द्या. अँटेना काढून तासभर चालू ठेवा आणि किती फ्रेम ‘बरोबर’ म्हणून आल्या ते मोजा. मग इनपुट शून्यावर बांधून बघा: सीआरसीची सुरुवात शून्याने केली असेल तर सगळे शून्य असलेली फ्रेम प्रत्येक तपासणीतून बरोबर म्हणून पास होते, कारण शून्य हा हॅमिंगचाही वैध शब्द आहे. सुरुवातीची किंमत शून्येतर ठेवा आणि सगळे शून्य असलेला कुठलाही आदेश व्हॉल्व्हला द्यायचा नाही असं प्रोटोकॉलमध्येच लिहून टाका.